बिनचिमट्याचा हात

आमच्या सासूबाईंचा आणि चिमट्याचा छत्तीसचा आकडा. लग्नात माहेरच्यांनी दिलेल्या भांड्यांत एक चांगला लांब दांड्याचा चिमटा होता. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी तो ओट्यावरून उचलला, खिळ्याला टांगला आणि म्हणाल्या, "हे हॉटेलातल्या आचाऱ्याले ठीक हाय. घरच्या बाईचा हात तयार पाहिजे."

तयार हात म्हणजे काय, हे आमच्या आर्वीकडच्या माणसांना सांगावं लागत नाही. तव्यावरची पोळी बोटांनी उलटायची, बोटांनीच जाळावर टाकायची, फुगली की बोटांनीच उचलायची, आणि तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. नव्या सुनेची परीक्षा तिकडे अशीच घेतात. मी त्या परीक्षेत कायमची नापास. सहा वर्षं झाली, तरी गरम पोळीला बोट लागलं की माझ्या तोंडून "आई गं" निघतंच, आणि सासूबाई दर वेळी म्हणतात, "आईले कायले हाका मारते? तिनंच तर तुले लाडावून ठेवलं."

पुण्यात वारज्याला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. नाव मोठं, पण जागा म्हणजे भाड्याच्या घराची पुढची खोली. माझा नवरा वैजनाथ शिवण्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. घर त्याच्या पगारावर कमी आणि सासूबाईंच्या हातावर जास्त चालतं. संध्याकाळी कंपन्यांतून सुटलेली मुलं डबे न्यायला येतात आणि पोळ्या होईपर्यंत मोबाइल काढून सासूबाईंचे व्हिडिओ करतात. "गोदाकाकू, भाजत नाही का हो?" असं कोणी विचारलं की सत्तावन्न वर्षांच्या गोदाबाई नव्या नवरीसारख्या लाजतात आणि म्हणतात, "चाळीस वर्षं झाली बाळा तव्यापाशी." मला त्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर हेवाच वाटायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारच्या पोळ्या चालल्या होत्या. सासूबाई मला समोरच्या बिल्डिंगमधलं पार्किंगचं भांडण रंगवून सांगत होत्या. मला काहीतरी करपल्याचा वास आला. पोळी तर खाली उतरली होती. पाहिलं तर त्यांच्या उजव्या हाताची करंगळी तव्याच्या काठाला टेकलेली, आणि त्या बोलतच होत्या.

मी त्यांचा हात खसकन ओढला. करंगळीच्या कडेची कातडी पांढरी होऊन सुटली होती.

"काय झालं वं?" त्या माझ्यावरच खेकसल्या.

"आई, बोट भाजलं तुमचं!"

"कुठं?"

मी गॅस बंद केला, बोट नळाखाली धरलं. पाणी पडत होतं आणि त्या निवांत त्याच्याकडे बघत होत्या. एरवी भाजल्यावर गार पाण्याखाली माणूस कसा नाचतो! ओल्या हातावर मनगटापासून वरपर्यंत एक फिकट, सुकलेला पट्टा दिसत होता. तो मला माहीत होता. दिवाळीच्या आसपास मी त्यांना कोथरूडच्या एका चकचकीत स्किन क्लिनिकमध्ये ओढून नेलं होतं. तिथल्या बाईंनी लांबूनच बघून गजकर्णाचं मलम दिलं होतं आणि मला चेहऱ्यासाठी ग्लो पॅकेज सुचवलं होतं. मलमाच्या दोन ट्यूब संपल्या, डाग तसाच राहिला.

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या तेव्हा मी साडीची पिन घेऊन त्यांच्याजवळ बसले. मला माहीत आहे, हे काही बरं नाही. पण मी ती पिन त्या फिकट पट्ट्यावर हळूच टोचली. मग जरा जोरात टोचली. रक्ताचा बारीक थेंब आला आणि त्या शांतपणे घोरत राहिल्या. मग मी मोबाइलवर शोधलं: हातावर फिकट डाग, बधिर. सगळ्यात वर जे नाव आलं, ते वाचून मी मोबाइल पालथा ठेवला. जणू सासूबाईंना झोपेत दिसलं असतं.

आमच्याकडे त्या रोगाचं नाव घेत नाहीत. 'तो रोग' म्हणतात, आणि ते म्हणतानाही आवाज खाली जातो. मी लहान असताना आमच्या गावात एक म्हातारा होता, त्याला गावाबाहेरच्या निंबाखाली राहायला लावलं होतं. त्याच्या घरचीच माणसं त्याची भाकर दगडावर ठेवून लांबून हाक मारायची. मला आजवर तो कधी आठवला नव्हता. त्या दुपारपासून सारखा तोच दिसत राहिला, फक्त चेहरा सासूबाईंचा होता.

वैजनाथला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. हातातला घास ताटात ठेवून तो कितीतरी वेळ पोळीकडेच बघत बसला.

"कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

"बोलू नको. एक शब्द फुटला ना, तर उद्यापासून आपल्या दारात कुत्रं येणार नाही." मग तो म्हणाला, "कार्ड आहे ना आपलं. दर महिन्याला पगारातून कापतात. आईचं नाव आहे त्यावर. त्याच्यावरच बघू."

कार्ड म्हणजे कामगार विम्याचं, ईएसआयचं. एखाद्या साध्या डॉक्टरला पैसे देऊन दाखवता आलं असतं, पण नेटवर वाचल्याप्रमाणे पुढे कातडीचा तुकडा काढून तपासायचा, नसांची तपासणी करायची, महिनोन्‌महिने औषधं घ्यायची. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. विम्याच्या दवाखान्यात वैजनाथच्या कारखान्यातली अर्धी माणसं रांगेत असतात, आणि त्यातली निम्मी आमच्याकडच्या पोळ्या खातात. म्हणून मी ठरवलं, कार्ड घेणारा एखादा खासगी त्वचारोगतज्ज्ञ शोधायचा, गुपचूप.

वैजनाथला कंपनीच्या ग्रुपवरून डॉक्टरांची एक यादी मिळाली. कुठल्या साली केलेली ते देवच जाणे. पहिल्या नंबरवर एका मुलानं फोन घेतला. म्हणाला, "बाबा चार वर्षांपूर्वी गेले. मी दातांचा डॉक्टर आहे. दात दुखतोय का?" दुसऱ्या ठिकाणी बाई म्हणाली, "कार्ड आता घेत नाही," आणि मी 'मग कोण घेतं' विचारेपर्यंत फोन ठेवला. तिसरा दवाखाना कर्वे रस्त्याच्या आत होता, तिथे मी प्रत्यक्ष गेले. दारावर रंगवलेली पाटी होती: 'येथे कोणतेही कार्ड चालत नाही. दाखवून पाहू नये.' तरी मी विचारलं. काउंटरमागच्या आजोबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "वाचता येतं ना आपल्याला? मग पाटी कशासाठी रंगवली आम्ही?"

एरवी मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी मी गप्प जिना उतरले आणि खाली येऊन रडले. भीतीनं माणसाची जीभसुद्धा जाते, हे मला तेव्हा कळलं.

घरी सासूबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. फक्त पोळ्या मी करायला लागले होते, आणि त्यांना कणीक मळायला दिली होती. मळताना दिसलं की त्यांची करंगळी आणि शेजारचं बोट नीट वळत नाही. गिऱ्हाइकं विचारायची, "आज काकू नाहीत का तव्यावर?" सासूबाई म्हणायच्या, "सुनेले शिकू देते जरा." आणि माझ्याकडे न बघता कणीक तिंबत राहायच्या. मला वाटायचं, यांना काहीच माहीत नाही, किती बरं आहे.

शेवटी मी अमिनाबींकडे गेले. त्या आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचा मुलगा तालिब वैजनाथच्याच कारखान्यात आहे, आणि नवऱ्याच्या डायलिसिसपायी त्यांना विम्याच्या कार्डाचं सगळं पाठ झालेलं आहे. मी खोटंच सांगितलं, वैजनाथच्या पायाला खाज येते म्हणून. चोराच्या मनात चांदणं. मला वाटत होतं, माझ्या तोंडावरच सगळं लिहिलंय.

"खाजेसाठी एवढं तोंड उतरलंय होय?" अमिनाबी म्हणाल्या, पण पुढे काही विचारलं नाही. "विश्रांतवाडीला एक म्हातारे डॉक्टर आहेत. लिमये. मंगळवारी आणि शुक्रवारी कार्डवाल्यांना बघतात. चांगले आहेत, वसकन अंगावर येत नाहीत. पण आपल्या दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावीच लागेल हां. त्याशिवाय ते तरी काय करणार?"

म्हणजे रांग काही चुकणार नव्हती. आगीतून फुफाट्यात.

दुसऱ्या दिवशी, दुसरी शिफ्ट सुरू झाल्यावर गर्दी कमी असेल या हिशेबानं, मी सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेले. त्यांना सांगितलं, हातावरच्या डागासाठी मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. त्यांनी कशाला, कुठे, काहीच विचारलं नाही. एवढं तोंड चालवणारी बाई मुकाट्यानं साडी बदलून आली, याचंच मला खरं म्हणजे नवल वाटायला हवं होतं.

रांगेत आमच्या पुढे पोपटराव. कारखान्यात सुपरवायझर आणि आमच्याकडचे रोजचे सहा पोळ्यांचे गिऱ्हाईक.

"अरे, काकू! इकडे कुठे?"

माझी पाचावर धारण बसली. सासूबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "शुगर. तुमच्या पोळ्या करता करता गोड झाली मी."

पोपटराव मोठ्यानं हसले. त्यांचा नंबर आला, ते आत गेले. सासूबाईंचा हात पदराखालीच राहिला. हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी त्यांच्याकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या.

चिठ्ठी मिळाली. घाईतल्या डॉक्टरांनी 'त्वचा' एवढंच लिहून शिक्का मारला.

शुक्रवारी मनपाच्या थांब्यावर बस बदलून आम्ही विश्रांतवाडीला पोचलो. डॉ. गोपाळकृष्ण लिमये यांचा दवाखाना एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. बाहेरच्या खोलीत लाकडी बाकं, आणि सुशीलाबाई नावाच्या पांढऱ्या साडीतल्या मदतनीस कार्डाचे नंबर वहीत उतरवून घेत होत्या. त्यांनी आमचं कार्ड उलटंसुलटं केलं, चिठ्ठी पाहिली आणि म्हणाल्या, "बसा." कार्ड चालत नाही, असं पहिल्यांदाच कोणी म्हणालं नाही. मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच त्याहून जास्त भीती वाटली. इतके दिवस डॉक्टर शोधायचं काम होतं. आता तो सापडला होता. आता तो काय ते सांगणार होता.

बाकावर बसल्यावर सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तू मले पिन टोचली होती."

मी मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळले.

"लागली नाही," त्या म्हणाल्या. "पण डोळे उघडे होते माहे जरासे. दिसली."

"आई, मी..."

"माह्या मायचा हात असाच होता. अख्ख्या गावात नाव होतं तिच्या हाताचं. जाळातून पोळी काढे. आम्हाले वाटे, हात तयार हाय. मंग तिची बोटं वाकली. मंग तिचं ताट वेगळं केलं माह्या बापानं." त्यांनी पदर सारखा केला. "मलेही पहिले वाटलं, चाळीस वर्षांनी आपला हात मायसारखा झाला. लय बरं वाटलं. मंग मांगच्या पावसाळ्यात बोट वाकाले लागलं, तवा समजलं."

मागच्या पावसाळ्यापासून त्या आपलं ताट-वाटी वेगळी ठेवत होत्या. मी त्यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडले होते, की आमचं काय विटाळलंय का. माझ्या पाच वर्षांच्या मुक्तालाही त्या मांडीवर घेईनाशा झाल्या होत्या. मी वैजनाथला म्हणाले होते, तुझ्या आईला नात नकोशी झालीय.

"सांगितलं का नाही, आई?"

"कोणाले सांगू? तू मायसारखं ताट वेगळं करायच्या आधी मीच केलं. भेव वाटे वं." हे शब्द मी त्यांच्या तोंडून सहा वर्षांत कधी ऐकले नव्हते. मी त्यांचा हात धरला, तोच हात. त्यांना तो धरल्याचं कळलं की नाही, माहीत नाही.

आत डॉक्टरांनी टेबलावर त्यांचा हात घेतला. खरंच हातात घेतला, लांबून नाही. पंच्याहत्तरीचे असतील. कोपरामागची शीर चाचपली आणि म्हणाले, "ही बघा, किती जाड झालीय." मग कापसाची एक बारीक वात ओढून काढली. "डोळे मिटा. कापूस लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. बोलायचं नाही."

सासूबाईंनी डोळे मिटले. कापूस दंडाला लागला, त्यांनी बरोबर तिथे बोट ठेवलं. कपाळाला लागला, बोट बरोबर गेलं. मग डॉक्टरांनी फिकट पट्ट्यावर कापूस फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा. सासूबाई बोट वर धरून, मान जरा तिरकी करून वाट बघत राहिल्या. मला बघवेना.

"कुष्ठरोग आहे," डॉक्टर म्हणाले. सरळ, आवाज खाली न आणता. "घाबरू नका. नमुना तपासायला पाठवू, पण मला शंका नाही. गोळ्या आहेत. वर्षभर घ्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. सरकारकडून फुकट मिळतात. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तुमच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. ताट वेगळं करायचं नाही, माणूस तर नाहीच नाही."

"आणि बोटं?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे त्याच्यापुढे जाऊ नयेत म्हणूनच औषध. व्यायाम शिकवतो. आणि हात भाजू द्यायचा नाही. पोळ्या करता ना? मग चिमटा वापरायचा."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी रडता रडता हसले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या जिवात जीव आला होता. वर्षभर गोळ्या, मग संपलं. निंबाखालचा म्हातारा नाही, दगडावरची भाकर नाही. मी मनातल्या मनात वैजनाथला फोनवर काय सांगायचं तेसुद्धा जुळवायला लागले.

डॉक्टरांनी कार्डावरची नावं वाचली. "मुलगा, सून, नात. सगळ्यांना एकदा बघावं लागेल."

"मी बघितलंय डॉक्टर," मी म्हणाले. "वैजनाथला शर्ट काढायला लावून पाठ, पोट, पाय, सगळं बघितलं. मुक्ताला आंघोळीच्या वेळी बघितलं. पिन नाही, पण पिसानं बघितलं. ती खिदळत होती. कोणाला काही नाही."

"शाब्बास. आणि तुमची पाठ कोणी बघितली?"

"माझी?" मला हसूच आलं. "माझी कोण बघणार?"

"आलाच आहात तर बघून टाकू. सुशीलाबाई, पडदा ओढा."

सुशीलाबाईंनी पडदा ओढला आणि मला ब्लाऊजच्या मागच्या गुंड्या सोडायला मदत केली. मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. सासूबाई माझ्यामागे उभ्या होत्या. डॉक्टरांनी लगेच सुरुवात केली नाही. मला वाटलं, डॉक्टर चष्मा पुसत असतील.

"डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "लागलं की नुसतं 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. मानेवर कापूस लागला, गुदगुल्या झाल्या. "हो." उजव्या खांद्यावर लागला. "हो." कमरेपाशी लागला. "हो." मला वाटलं, झालंच. खालून गिरणीची घरघर येत होती. मी पुढच्या स्पर्शाची वाट बघत बसले. बराच वेळ गेला. बहुतेक ते लिहून घेत असतील, किंवा नवा कापूस काढत असतील.

"बोल ना वं," मागून सासूबाईंचा आवाज आला.

"बोलते ना. आधी लावू तर द्या त्यांना."

मग माझ्या उजव्या खांद्यावर सासूबाईंनी हात ठेवला, जड, गरम.

"दीपमाला," त्या म्हणाल्या, "दोनदा लावला त्यांनी."

"उघडा डोळे," डॉक्टर हळूच म्हणाले. मी उघडले नाहीत.